मागं ओढून धरलेली स्टिक

सन एकोणीसशे त्र्याण्णव. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो, म्हणजे माय म्हणायची तसं. शाळेच्या दाखल्यावर दुसरंच काही असेल, पण तो आणायला मी परत शाळेत गेलोच नाही. चौथीपर्यंत शिकलो, त्यातली चौथी अर्धी. हे आधीच सांगून ठेवतो. मला जसं आठवतं तसं मी लिहितो, आणि ज्याला पटत नाही त्यानं पान उलटावं.

आम्ही पडेगावात राहायचो, दौलताबादच्या रस्त्यापासून थोडं आत. दोन खोल्या, वर पत्रे, आणि भिंती बिनगिलाव्याच्या. अण्णा गवंडी होते. अर्ध्या शहराला त्यांनी गिलावा केला आणि स्वतःच्या घराच्या विटा तशाच उघड्या ठेवल्या. माय टोचून बोलली की म्हणायचे, "दिवाळीला करू." कोणत्या दिवाळीला ते कधी सांगितलं नाही. मी त्यांच्या हाताखाली होतो. त्या काळात शहर असं वाढत होतं की सकाळी जिथं बाभळी दिसायच्या तिथं संध्याकाळी कुणीतरी चुना टाकून प्लॉट आखलेले असायचे. वाळूजला कंपन्या आल्या होत्या, माणसं येत होती, माणसांना घरं पाहिजे होती. काम लई होतं आणि तरी आम्ही घरी बसून होतो, कारण सिमेंटचा माल कालवायला पाणी नव्हतं. पाऊस दोन सालं नीट पडलाच नव्हता. निम्म्या उभ्या राहिलेल्या बंगल्यांवर गजांचे शेंडे तसेच उन्हात उभे, आणि स्लॅब भिजवायला केलेली वाळूची आळी कोरडी ठाक. अण्णा दुपारी उठून उगीच त्या बंगल्यांकडं चक्कर मारून यायचे, जसं काही आजारी माणसाला बघायला गेलेत.

घरात आवाज म्हणजे भांड्यांचा. टँकर येणार अशी नुसती कुणकुण लागली तरी गल्लीभर हंडे फरशीवरून ओढायचा आवाज सुरू व्हायचा. भांडी राखेनं घासून फडक्यानं पुसायची, धुवायची नाहीत. भाकरीचं पीठ मळायचं पाणी तेवढं माय वेगळं झाकून ठेवायची. भाजल्या पिठाच्या येसराची आमटी सकाळी व्हायची तीच रात्री पातळ होऊन यायची. मी आजही आमटी घट्ट खातो. सून म्हणते, थोडं पाणी घालू का? मी नाही म्हणतो.

घरात आम्ही पाचजण. अण्णा, माय, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी अक्का, मी, आणि मायची धाकटी बहीण गयामावशी. मावशीचा डावा कान गेलेला होता. नवऱ्याच्या एका थपडेत गेला. तो माणूस सिल्लोडकडचा, आणि लग्नाआधी सगळे त्याला गरीब गाय म्हणायचे. बोलायचा कमी, मान खाली. घरातलं भांडण झालं की आधी हसायचा म्हणे, अगदी गोड हसायचा, आणि दार लावून घ्यायचा. मावशी त्याला सोडून आमच्याकडं आली ती कायमची. पण इतक्या वर्षांनीही कुणी तिच्याजवळ पटकन हात वर केला, मग तो फळीवरचा डबा काढायला का असेना, की ती दोन्ही हात तोंडापुढं धरायची. मग स्वतःच ओशाळून पदर नीट करायची. मला ते बघवायचं नाही. मी बाहेर निघून जायचो.

बाहेर म्हणजे शहागंजात, सत्तारचाचाच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात. लांबट खोली, दारावर काळा पडदा, आत दोन मशीन. शेजारच्या हॉटेलातल्या खलियाचा, म्हणजे मटणाच्या रश्शाचा, वास भिंतीतून आत यायचा. एक मशीन विमानांचं, त्यावर पोरंटोरं. दुसरं मारामारीचं, त्यावर आम्ही. दोघांनी शेजारी उभं राहायचं, ज्याचा त्याचा गडी निवडायचा, डाव्या हातात स्टिक, उजव्या हाताला बटणं. वर दोघांच्या दोन पट्ट्या. मार बसला की पट्टी लहान होते. पट्टी संपली की गडी पडला, आणि मध्ये वेळेचा जो काटा उलटा चालतो तो संपला तर ज्याची पट्टी मोठी तो जिंकला. गड्यांची इंग्रजी नावं कुणाला वाचता येत नव्हती, म्हणून आम्ही आमची ठेवली होती. माझा लाल्या. लाल बंडीवाला, पाय लांब, सारखा पुढं उडी मारणारा. तीन डावांतले दोन जिंकेल तो मशीनवर राहायचा, हरेल त्यानं बाजूला व्हायचं. आणि चाचाचा एक कायदा होता, तो दारावर लिहिलेला नव्हता पण सगळ्यांना ठाऊक होता. पकडायचं नाही. गड्याला अगदी चिकटून बटण दाबलं की आपला गडी त्याला धरून आपटतो. त्याला आडवण्याचा इलाज नाही, म्हणून ते मर्दाचं काम नाही, असं चाचा म्हणायचा.

मी चढून खेळायचो. सुरू झालं की समोरच्याला श्वास घेऊ द्यायचा नाही, कोपऱ्यापर्यंत रेटत न्यायचं. मार खाल्ला तर खाल्ला, त्याच्या दुप्पट द्यायचा. दुसरी जात दबून खेळणाऱ्यांची. स्टिक मागं ओढून धरली की गडी दोन्ही हात तोंडापुढं धरतो, आणि त्या हातांवर कितीही मारा, पट्टी जवळजवळ हलत नाही. असा धरून बसायचं, समोरचा दमला, चुकला, की एक हाणायची आणि पुन्हा हात तोंडापुढं. असं करून काटा संपवून जिंकणाऱ्याला आम्ही मोजतच नव्हतो. मला तर तो तोंडापुढं हात धरलेला गडी दिसला की डोकं फिरायचं. का फिरायचं ते वर लिहिलंय, पुन्हा लिहीत नाही. नातू मोबाईलवर असलंच काही खेळतो आणि मला सांगतो, आजोबा, आडवणं हा पण खेळच असतो. असेल. चढून खेळणं हाच खेळ, असं माझं मत आहे, आणि मत बदलायचं माझं वय राहिलं नाही.

त्या उन्हाळ्यात अक्काला स्थळ आलं. अण्णांच्या ओळखीतल्या एकानं आणलं. मुलगा वाळूजला कंपनीत कायम, छावणी भागात मामाकडं राहतो, नाव सुभाष, व्यसन कोणतंच नाही, सुपारीचं खांडसुद्धा तोंडात धरत नाही. बघायला आले तेव्हा मायनं त्या दिवसाचं सगळं पाणी पाहुण्यांच्या तांब्यांत घातलं. मी पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आलो आणि बशा हातातच राहिल्या. सतरंजीवर बसलेला मुलगा म्हणजे शहागंजातला फौजीवाला. सुट्टीच्या दिवशी येऊन मशीनच्या उजव्या बाजूला उभा राहायचा, फौजी निवडायचा, आणि स्टिक मागं ओढून धरायचा. सगळ्यात दबून खेळणारा. मी त्याच्याशी कितीदा खेळलो आणि कितीदा काटा संपून हरलो ते सांगायची मला गरज वाटत नाही. त्यानं मला ओळखलं, मी त्याला ओळखलं. त्यानं पोहे घेतले आणि सतरंजीकडं हात करून म्हणाला, "बस." शहागंजाचं नाव दोघांनीही काढलं नाही.

पाहुणे गेल्यावर अण्णा खूश. किती शांत पोरगा, म्हणाले, शब्दाला शब्द वाढवत नाही. मावशी चुलीपाशी बसली होती. ती उजवा कान आमच्याकडं करून ऐकत होती आणि म्हणाली, "शांतच व्हता तो बी." एवढंच. पण त्यानंतर घरात कुणाला घास गोड लागला नाही. रविवारी बैठक ठरली होती, याद्या व्हायच्या होत्या, आणि एकदा याद्या झाल्या की मागं फिरणं नाही. अण्णांना घाई होती. काम बंद, पाणी नाही, पोरगी बावीसला टेकली नाही तोवर उजवावी, असं त्यांचं चाललं होतं. मी अक्काला सांगितलं की हा माणूस मला माहीत आहे, कुठं भेटतो, कसा खेळतो तेही. ती राखेनं भगुणं घासत होती. घासायची थांबली.

"हरल्यावर काय करतो?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, हरतच नाही.

"मग हरव त्याला. जिंकलेला माणूस कुणीबी गोड असतो. हरल्यावर कसा दिसतो ते बघून ये अन् मला सांग." मग पुन्हा भगुणं घासायला लागली. "खरं सांग पण. तुझ्या मनाचं नको."

तिनं मला आयुष्यात काही मागितलं असेल तर एवढंच.

वाळूजला शुक्रवारी सुट्टी असायची, रविवारची त्यानं रजा टाकली होती. शुक्रवारी दुपारी मी शहागंजात गेलो तेव्हा रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. सुभाष मशीनवर होता. मी त्याच्या शेजारी उभा राहिलो आणि टोकन टाकलं. माझ्या तळव्यांना इतका घाम होता की मी स्टिक शर्टाच्या टोकानं पुसली. चाचा मला मिस्तरी म्हणायचा. म्हणाला, "आज मिस्तरी का मूड कुछ अलग है." पहिला डाव नेहमीसारखाच. मी लाल्याला घेऊन चढलो, फौजीनं हात तोंडापुढं धरले, मी मारत राहिलो, पट्टी हलेना, मी एकदा चुकलो, त्यानं एक हाणली, काटा संपला. मागची पोरं हसली. असं तर हा जन्मात हरणार नाही, हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं, आणि रविवार समोर दिसायला लागला. अक्का मुंडावळ्या बांधून बसलेली, आणि याच्या घराचं दार आतून लागतंय.

दुसऱ्या डावात मी पकडलं. चिकटलो, बटण दाबलं, आणि लाल्यानं फौजीला उचलून आपटलं. खोलीत एकदम गलका झाला. चाचा ओरडला, "अरे ओ, पकड नहीं, पकड नहीं." मी पुन्हा पकडलं. तो उठला की पुन्हा. पोरं मला काय काय म्हणाली ते लिहिण्यासारखं नाही. सुभाषनं एकदा माझ्याकडं तिरकं बघितलं आणि खेळत राहिला. तो डाव माझा. तिसऱ्या डावातही मी तेच केलं आणि त्याची पट्टी बोटभर राहिली, माझी अर्धी होती, काटा संपत आला होता, आणि लाइट गेली.

मशीनचा पडदा काळा. पंखा हळू होत थांबला. लाइट गेली की ज्याची पट्टी मोठी तो जिंकला, असा तिथला रिवाज, आणि पट्टी कुणाची मोठी होती ते चाचा उभ्या असलेल्यांना विचारून सांगायचा. चाचानं कुणालाच विचारलं नाही. म्हणाला, पकडून मारलेलं धरायचं नाही, फौजीवाला जिंकला. सगळे हो हो म्हणाले. तेव्हा सुभाष बोलला.

"नाय चाचा. पट्टी त्याची मोठी होती. मी हरलो."

आणि माझ्याकडं बघून हसला.

दारावरचा पडदा कुणीतरी बाजूला केला होता, त्या उजेडात मी ते हसू बघितलं. गोड होतं. अगदी गोड. मावशीनं सांगितलेलं सगळं माझ्या अंगातून गेलं आणि मी त्याच्या कानाखाली मारली. मी ती मुद्दाम मारली, पारखायला मारली, असं मी पुढं सगळ्यांना सांगितलं आणि आजही सांगतो. त्यात राग किती होता ते मोजायला आता कुणी बसलेलं नाही.

मी दुसरी मारायला हात उचलला आणि त्यानं माझं मनगट धरलं. हवेतच. त्याचा गाल लाल झाला होता, हसू पुसलं गेलं होतं, आणि नाकपुड्या वरखाली होत होत्या. मला वाटलं आता. आता दिसेल. मी वाट बघत होतो, असंच म्हणावं लागेल. तो नुसता धरून उभा राहिला.

"झालं?" तो म्हणाला.

मग त्यानं हात सोडला, चपला घातल्या आणि उन्हात निघून गेला. चाचा मला म्हणाला की बेटा, आता काही दिवस इधर नक्को आ.

शहागंजातून पडेगाव मी चालत गेलो. छावणीच्या झाडांखालून जाताना एकेक गोष्ट ध्यानात यायला लागली. होणाऱ्या नवरदेवाला पोरीच्या भावानं चारचौघांत मारलं. हे आजवर कुणी ऐकलं नसेल. त्या खोलीतली निम्मी पोरं छावणीचीच होती, संध्याकाळपर्यंत त्याच्या मामाच्या कानावर जाणार, रविवारी कुणी येणार नाही, अण्णा कारण विचारायला जातील आणि मान खाली घालून परत येतील. पोरगी कशानं नाकारली हे कुणी विचारत नसतं. नाकारली एवढंच गावभर होतं. आणि एवढं सगळं करून अक्काला सांगायला माझ्याकडं काय होतं? तो वाईट आहे असंही मला दिसलं नव्हतं.

दिवेलागणीला अण्णा बाहेर गेले तसं मी सांगितलं. सगळं सांगितलं, पकडल्याचंही. मायनं कपाळावर हात मारून घेतला. अक्कानं मात्र माझा हात ओढून कंदिलाजवळ नेला. मनगट उलटं केलं, सुलटं केलं.

"इथं धरला?"

"इथंच."

"जोरात?"

म्हणालो, हलवता येत नव्हता.

तिनं अंगठ्यानं दाबून बघितलं. कुठं वळ नव्हता, नख लागलेलं नव्हतं. मावशी इतका वेळ भिंतीला टेकून होती, ती सरकत पुढं आली आणि उजवा कान माझ्याकडं केला.

"सोडताना झटकला का ठेवला?" तिनं विचारलं.

मला आधी कळलंच नाही काय विचारते. मग आठवावं लागलं. डोळे मिटून ती खोली पुन्हा समोर आणली. काळा पडदा, बंद पंखा, त्याच्या नाकपुड्या. त्यानं माझा हात खाली आणला होता, हळू, आणि मशीनच्या काचेवर ठेवला होता. जसं दुसऱ्याचं भांडं परत करताना ठेवतात.

"ठेवला," मी म्हणालो.

मावशी उठली आणि चहाचं आधण ठेवलं. पिठाचं म्हणून झाकून ठेवलेल्या पाण्यातलं घेतलं. मायनंही तिला अडवलं नाही. अक्का माझं मनगट धरूनच बसली होती. मग म्हणाली, "मारलंस ते चारचौघांत." मिटवायचं तेही चारचौघांत, हे मला न सांगताच ऐकू आलं.

चहा झाला. रात्रभर मी कूस बदलत पडून होतो आणि पत्रे निवताना जो कडकड आवाज करतात तो ऐकत होतो. माफी मागणं मला जमत नाही, तेव्हाही जमत नव्हतं. गुपचूप गल्लीत गाठून हात जोडावे, तर मारलं होतं सगळ्यांसमोर. त्याच्यासारखं थांबून बघावं, तो काय करतो ते, तर ते माझ्या रक्तात नाही. मला एकच प्रकार येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी, हंडे ओढायचा आवाज सुरू व्हायच्या आत, मी नगर नाक्यापर्यंत चालत गेलो. कंपनीची शिफ्टची बस तिथं थांबायची. आली, माणसं चढली. मी त्यांच्या मागोमाग चढलो. ड्रायव्हर विचारायला लागला, कोण रे तू, तर त्याला हातानंच थांब म्हणालो. सुभाष मधल्या बाकावर खिडकीजवळ होता, मांडीवर डबा. शहागंजातली दोन पोरंही बसमध्ये होती. मला बघून ती उठून उभी राहिली, आणि एकानं बाह्या मागं सारल्या. मी बसच्या मधोमध गेलो आणि शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं म्हणालो,

"दाजी, रविवारी जरा लवकर या. दुपारी टँकर येतो, त्याच्या आत बैठक उरकू."

सुभाषनं माझ्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मशीनवर बघायचा तसं, मी चुकतोय का ते बघत असावा. मग डबा उचलून दुसऱ्या मांडीवर ठेवला, खिडकीकडं सरकला आणि शेजारची जागा हातानं झटकली.

बस सुटली होती. मला वाळूजला काही काम नव्हतं. मी बसलो.